हाशिमोटो निघाला, आता पुढे काय?

"अँटी-टीपीओ तेराशे आलंय, म्हणजे कॅन्सरबिन्सर तर नाही ना?" "टीएसएच साडेसहा आहे. एक डॉक्टर गोळी घ्या म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात." "आता रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळी बंद केली तर चालेल ना?" हैदराबादच्या मराठी घरांतून हे तीन प्रश्न आलटून पालटून येत असतात. विचारणारी काचीगुड्याच्या जुन्या घरातली आजी असते, गच्चीबावलीत दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी तिची नातसून असते, नाहीतर नांदेडहून रात्रीच्या गाडीने तपासणीसाठी आलेली मावशी असते. थोडक्यात उत्तर द्यायचे तर: पहिल्याला नाही, दुसऱ्याला अवलंबून आहे, आणि तिसऱ्याला अजिबात नाही. हे 'अवलंबून आहे' कशाकशावर, आणि गोळी सुरू झाल्यावर घरात नेमके काय सांभाळायचे, ते पुढे देत आहे. यातले काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे, हे मात्र यातून कळेल.

आधी रिपोर्ट नीट वाचा

गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली थायरॉइड ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग ठरवणारी हॉर्मोन तयार करते. हाशिमोटोच्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीला परके समजून तिच्यावर हल्ला चढवते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये याचे पहिले वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. ही पडझड वर्षानुवर्षे, सावकाश चालते. ग्रंथी थकू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी टीएसएच हे आपले हॉर्मोन वाढवते. म्हणून टीएसएच वाढलेला असणे म्हणजे थायरॉइड हॉर्मोन कमी पडणे, म्हणजेच हायपोथायरॉइड. इथे पुष्कळ जणांची गल्लत होते. "माझा थायरॉइड वाढलाय" असे म्हणत वाढलेला कमी करण्याचे उपाय शोधत फिरणारे लोक खरे तर उलट्या दिशेने निघालेले असतात.

रिपोर्टवरच्या ओळींचा अर्थ असा:

- टीएसएच: सर्वांत कामाचा आकडा. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ ही मर्यादा धरतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती शेजारच्या रकान्यात छापलेली असते.
- फ्री टी४: रक्तात प्रत्यक्ष उपलब्ध असलेले हॉर्मोन. टीएसएच वाढला पण फ्री टी४ ठीक असेल, तर ग्रंथी जोर लावून का होईना, काम निभावते आहे.
- टी३: हायपोथायरॉइडच्या नेहमीच्या तपासणीत याचा फारसा उपयोग नाही.
- अँटी-टीपीओ: आजार प्रतिकारशक्तीतून आला आहे, एवढे सांगणारी प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) तपासणी. एकदा पॉझिटिव्ह आली की तिचे काम संपले.

शेवटच्या मुद्द्यावर थोडा रेंगाळतो, कारण पैसा आणि झोप दोन्ही इथेच वाया जातात. तेराशेचे नऊशे झाले म्हणून आजार बरा होत नाही आणि चौदाशे झाले म्हणून बळावत नाही. गोळीचा डोस या आकड्यावर ठरत नाही. दर तीन महिन्यांनी अँटिबॉडी मोजून 'उतरवून देणारी' पॅकेजे विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि हा आजार दुर्मीळही नाही. २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादबरोबर मुंबई आणि गोवाही होते. मोठ्या माणसांत जवळजवळ ११ टक्क्यांना हायपोथायरॉइड असल्याचे आणि सुमारे २२ टक्क्यांमध्ये अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असल्याचे त्यात आढळले. दोन आकड्यांतला फरक पाहा: अँटिबॉडी असलेल्या सगळ्यांची ग्रंथी मंदावलेली नसते. तुमची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि टीएसएच नॉर्मल असेल, तर वर्षातून एकदा टीएसएच करा आणि बाकी कामाला लागा.

गोळी आत्ताच, की थांबून?

टीएसएच १० च्या वर आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच असेल, तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. फ्री टी४ घसरलेले असेल तर प्रश्नच नाही. घोळ होतो तो साडेचार ते दहाच्या मधल्या पट्ट्यात. दोन डॉक्टरांचे दोन सल्ले येतात ते इथेच, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. टीएसएच आजारपणानंतर तात्पुरता वाढतो, पहाटे थोडा जास्त आणि दुपारी कमी असतो. म्हणून एकाच रिपोर्टवर जन्माची गोळी ठरवू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवावे.

गोळीकडे कल झुकवणाऱ्या गोष्टी: अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असणे, गळ्याला गाठ किंवा सूज, कोलेस्टेरॉल वाढलेले असणे, स्पष्ट लक्षणे. गर्भधारणेचा विचार चालू असेल, तर थांबून पाहण्याचा पर्याय जवळजवळ बादच होतो. याउलट सत्तरीपुढच्या माणसाचा टीएसएच सहा-साडेसहा असेल आणि त्रास काही नसेल, तर तो वयाचाच भाग असू शकतो. अशा आजोबांना गोळी देऊन छातीत धडधड आणि हाडांची झीज विकत घेण्यात अर्थ नसतो. हृदयाचा त्रास असलेल्यांना गोळी सुरू करायचीच असेल तर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. डॉक्टर एवढ्या कमी डोसपासून का सुरुवात करताहेत, असे वाटून स्वतःच दोन गोळ्या घेऊ नका.

सकाळची गोळी: सगळा खेळ इथे आहे

औषध एकच: लिव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही त्याचीच वेगवेगळ्या कंपन्यांची नावे. ग्रंथी जे हॉर्मोन बनवते तेच गोळीत असते, म्हणून 'अंगाला सवय लागेल' ही भीती सोडा. शरीराला जे हवे आहे तेच आपण बाहेरून पुरवतो. टीएसएच नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो.

गोळी 'लागू पडत नाही' म्हणून डोस ५० वरून ७५, ७५ वरून १०० असा वाढत गेलेली पुष्कळ घरे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांचा डोस आधीही पुरेसा असतो. गोळी पोटात जाते पण रक्तात उतरत नाही. कारण सकाळचा चहा. उठल्यावर गोळी तोंडात टाकायची आणि ती उतरवायला चहाचाच घोट घ्यायचा, ही सवय सर्रास आहे. दुधाचा दाट चहा, मग तो घरचा असो की कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातला, या गोळीचा शत्रू आहे. कॉफी तर त्याहून.

साधा शिरस्ता असा ठेवा:

1. गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर.
2. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफी-दूध-नाश्ता काही नाही.
3. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची अँटासिड आणि मल्टिव्हिटॅमिन यांत चार तासांचे अंतर. ही औषधे दुपारच्या जेवणानंतर ढकला.
4. रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने. सोमवारी अनशापोटी आणि रविवारी इडली-सांबारानंतर, असे नको.

पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करणाऱ्या बाईला हा तासभर पाळणे जड जाते, हे खरे आहे. त्यावर उपाय आहे. रात्रीच्या जेवणानंतर तीन तास गेले असतील, तर झोपताना घेतलेली गोळीही चांगली काम करते. रात्री नऊला जेवण आणि बाराला झोप असे वेळापत्रक असलेल्या आयटीतल्या मंडळींना हेच सोयीचे. रात्रपाळी असेल तर दिवस-रात्र विसरा, 'आपले पोट कधी रिकामे असते' एवढेच पाहा. बदल करताना डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून खात्री करा.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पोटातले आम्ल कमी झाले की थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते.

उपासाचे काय? एकादशीला, चतुर्थीला पाण्याबरोबर गोळी घ्यायला हरकत नाही. औषधाने उपास मोडत नाही. हरतालिकेसारखा निर्जळी उपास असेल आणि मन मानत नसेल, तर आदल्या रात्री झोपताना घ्या. एखादा दिवस चुकलाच, तरी घाबरू नका. ही गोळी शरीरात बराच काळ टिकते. तिचे अर्धे प्रमाण उतरायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्याच दिवशी पोट रिकामे असताना आठवली तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घ्यायच्या की नाही, हे मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तरुण, धडधाकट माणसांना बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, हृदयरुग्णांना नाही.

बाटली कुठे ठेवता?

हे कुणी विचारत नाही आणि म्हणून लिहितो. लिव्होथायरॉक्सिन उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आपली बाटली असते गॅसच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, म्हणजे दिसली की आठवण होते. आठवण होते हे खरे, पण त्याच ओट्यावर रोज दोन वेळा कुकरची वाफ येते. बाटली झोपण्याच्या खोलीत, कपाटात, मूळ झाकणासह ठेवा. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली आणली की ती संपेपर्यंत तिच्यातच राहू द्या. महिन्याभराच्या गोळ्या उघड्या डबीत काढून ठेवू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या कप्प्यात तर कधीच नाही.

दुकानात बाटली हातात घेतली की तीन गोष्टी वाचा: मायक्रोग्रॅमचा आकडा, कंपनी, शेवटची तारीख. २५ आणि १२५, ५० आणि १५० ही अदलाबदल काउंटरवरच्या गर्दीत होते आणि लक्षात यायला दोन महिने जातात. दुकानदाराने 'हेच आहे, दुसऱ्या कंपनीचे' म्हणून वेगळी बाटली दिली तर ती निरुपयोगी नसते. पण कंपन्यांच्या गोळ्यांत किंचित फरक असतो, म्हणून शक्यतो एकाच कंपनीची घ्या. बदलावी लागलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. पैशांची अडचण असेल तर हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे आणखी स्वस्त पडते.

रक्त द्यायला जाताना

- डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच करू नका. आकडा स्थिरावलेलाच नसतो, पैसे वाया जातात.
- डोस बसला की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा पुरते.
- शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, सकाळी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.
- केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा. बायोटिनमुळे बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसतो. मग डॉक्टर डोस कमी करतात, केस आणखी गळतात आणि आपण बायोटिन वाढवतो.
- नेहमीच्या तपासणीला टीएसएच पुरे, फार तर फ्री टी४. 'संपूर्ण थायरॉइड पॅकेज' घेण्याची सक्ती नाही. गळ्याची सोनोग्राफी गाठ हाताला लागली किंवा ग्रंथी एका बाजूने वाढली असेल तरच.

टीएसएच जागेवर, तरी अंगात त्राण नाही

ही तक्रार खरी असते, ती 'मनाचे खेळ' म्हणून उडवू देऊ नका. पण गोळी वाढवून मागण्याआधी बाकीच्या शक्यता तपासून घ्या. हाशिमोटो असलेल्यांत प्रतिकारशक्तीचे इतर आजार थोडे जास्त आढळतात: पोटातून बी१२ न शोषले जाणे, गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सिलिॲक, टाइप १ मधुमेह, कोड. शिवाय आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ आणि बायकांत हिमोग्लोबिन तसेही कमी असते. म्हणून डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा पाहा. रात्री घोरता का, झोप किती होते, हेही सांगा. उदासी आठवडेच्या आठवडे उतरत नसेल तर तीही तितकीच खरी बाब आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. थायरॉइड मंदावल्याने सहसा दोन-चार किलो वाढतात, आणि त्यातला बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. वीस किलोचा दोष थायरॉइडवर टाकून डोस वाढवून घेणाऱ्यांचे वजन फार उतरत नाही. छाती धडधडायला लागते आणि हाडे ठिसूळ होतात, एवढेच. वजन कमी करण्यासाठी थायरॉइडची गोळी हा धोकादायक उद्योग आहे.

ताटात काय, काय नको

कोबी, फ्लॉवर, मुळा सोडल्याने हाशिमोटो बरा होत नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. ज्वारीची भाकरी चालते. बाजरीच्या घटकांचा ग्रंथीवर परिणाम होतो असे अभ्यास आहेत, पण तो प्रश्न तीन वेळा बाजरीच खाणाऱ्या आणि आयोडिन न मिळणाऱ्या लोकांचा. संक्रांतीच्या भाकरीला घाबरण्याचे कारण नाही. सोयाबीनचे पीठ, सोया दूध गोळीच्या वेळेपासून दूर ठेवा.

मिठाबद्दल दोन टोके दिसतात. एकीकडे सैंधव किंवा गुलाबी मीठ 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या स्वयंपाकात वापरणारे लोक. उपासापुरते ते ठीक, पण त्यात पुरेसे आयोडिन नसते आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हा हट्ट महागात पडतो. खाण्यासाठी आयोडिनविरहित मीठ विकण्यावर देशात २००६ पासून बंदी आहे, ती गलगंडाच्या आणि मतिमंद जन्मणाऱ्या मुलांच्या अनुभवावरून. आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर आयोडिन आणि लोह दोन्ही असलेले मीठ तयार केले. दुसरे टोक म्हणजे समुद्री शेवाळाच्या, 'थायरॉइड सपोर्ट'च्या कॅप्सूल. हाशिमोटोत जादा आयोडिन ग्रंथीला आणखी दाबते. साधे पाकीटबंद आयोडिनयुक्त मीठ वापरा आणि विषय संपवा.

ग्लुटेन सोडल्याने फरक पडतो तो सिलिॲक असणाऱ्यांना. आधी तपासणी करा, मग गहू सोडा. उलट केल्यास तपासणीच चुकते.

मृग लागला की या शहरात दम्यासाठी मासा गिळायला देशभरातून रांग लागते. थायरॉइडची रांग व्हॉट्सॲपवर लागते. धण्याचे पाणी प्या, कुणाचे काही वाकडे होत नाही. पण त्यासाठी गोळी सोडू नका. आयुर्वेदिक औषधे चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवा. विशेषतः अश्वगंधेने थायरॉइड हॉर्मोन वाढल्याचे रुग्ण नोंदलेले आहेत. ती चालू असताना डोस ठरवणे अवघड होते.

बाळाचा विचार असेल तर

हा भाग नवऱ्यांनीही वाचावा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्या हॉर्मोनवर वाढते. म्हणून:

- गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवा.
- पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढवावा लागतो. पुष्कळ डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात. हा आकडा आधीच लिहून घेतलेला बरा.
- सहाव्या महिन्याच्या सुमारापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग साधारण तिसाव्या आठवड्यात एकदा.
- बाळंतपणाच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नका. सासूबाई सगळ्या गोळ्या एका वाटीत मायेने काढून देतात, तिथेच चूक होते.
- बाळंत झाल्यावर डोस पूर्वीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात. अंगावर पाजताना गोळी सुरक्षित आहे.
- बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच करतात का, हे प्रसूतिगृहात आधीच विचारा. आईला थायरॉइड असो वा नसो, ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात धडधड, वजन घटणे आणि मग अचानक थकवा, उदासी असा फेरा येऊ शकतो. 'ओल्या बाळंतिणीला होतंच' म्हणून सोडू नका, टीएसएच करा.

उलटी बाजू: ग्रेव्हज

प्रतिकारशक्ती कधी ग्रंथीला मारण्याऐवजी पळवते, तो ग्रेव्हजचा आजार. हात थरथरतात, घाम येतो, वजन झपाट्याने उतरते, डोळे बटबटीत दिसू लागतात. टीएसएच जवळजवळ शून्य. यावर कार्बिमॅझोल देतात. ते घेत असताना ताप किंवा घसा दुखणे सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करा. क्वचित त्या धोकादायक प्रमाणात घटतात. मूल हवे असेल तर औषध बदलावे लागते, तेव्हा आधी बोला. डोळ्यांचा त्रास असेल तर सिगारेट पूर्ण बंद, आणि डोळ्यांच्या तज्ज्ञांना वेगळे दाखवा. बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारखी जागा शहरातच आहे.

हैदराबादेत कुठे जावे

साध्या हायपोथायरॉइडला चांगला फॅमिली डॉक्टर पुरतो. हॉर्मोनच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, जायचे ते गर्भधारणा, हृदयरोग, ग्रेव्हज, लहान मूल किंवा डोस बसतच नसेल तेव्हा. पंजागुट्ट्याचे निम्स, उस्मानिया आणि गांधी रुग्णालय या सरकारी संस्थांत हे विभाग आहेत. सकाळी लवकर जाण्याची तयारी ठेवा. तपासणीसाठी खिशाला चाट नको असेल तर जवळचा बस्ती दवाखाना गाठा. तेलंगणा डायग्नोस्टिक्स या सरकारी योजनेत २०१८ पासून तिथे घेतलेले नमुने मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातात आणि थायरॉइडच्या तपासण्या विनामूल्य होतात. रेल्वेतल्या मंडळींना लालागुड्याचे रुग्णालय आणि केंद्र सरकारी निवृत्तांना सीजीएचएस आहेच.

घरातल्या वडीलधाऱ्यांना तेलुगू येत नसेल आणि डॉक्टरांना मराठी, तर एका कागदावर सगळ्या औषधांची नावे, घेण्याच्या वेळा आणि मागचे टीएसएच तारखेसह लिहून न्या.

विमा, कागद आणि हक्क

विम्याचा फॉर्म भरताना 'थायरॉइड काय, किरकोळ आहे' म्हणून लपवू नका. एजंट तसे सुचवतो. क्लेम नाकारला जातो तेव्हा तो फोन उचलत नाही. विमा नियामक आयआरडीएआयचे मुख्यालय आपल्या नानकरामगुड्यालाच आहे. त्यांच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सलग पाच वर्षे हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. नाकारल्यास कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे. त्यांचे कार्यालय हैदराबादेत आहे आणि तक्रारीला शुल्क नाही. कंपनीच्या सामूहिक विम्यात असे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. एचआरकडून लेखी घ्या.

रुग्णालयात दाखल झाला असाल तर नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी पहिल्यांची परवानगी लागत नाही. औषधाचे बिल घ्या. बॅच क्रमांक त्यावर असतो.

लग्नाच्या बोलण्यांत हे सांगावे का? माझे मत, सांगावे, आणि मुलाला असेल तरी सांगावे. रोजची एक गोळी आणि वर्षाला एक तपासणी, एवढेच तर सांगायचे आहे. लपवून घेतलेली गोळी सासरी पहिली चुकते.

थांबू नका, लगेच दाखवा

- गळ्याची गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, आवाज बसला, गिळताना अडकू लागले.
- गोळी चालू असताना छातीत दुखणे, ठोके चुकणे, धाप.
- वयस्क माणूस, गोळी बरेच दिवस बंद, आणि आता गुंगीत, अंग थंडगार: सरळ इमर्जन्सी.

घरात आणखी कुणाची तपासणी?

आई, बहीण, मुलगी यांच्यात या आजाराचा कल जास्त असतो. सगळ्यांची अँटिबॉडी करत बसू नका. लक्षणे असतील, पाळी अनियमित असेल, गर्भधारणेचा विचार असेल, तर एक टीएसएच पुरे. मुलीची उंची अचानक खुंटली किंवा अभ्यासातले लक्ष उडाले, तरी हाच एक आकडा आधी पाहून घ्या. क्लास बदलण्याचा निर्णय नंतर घेता येईल.